टाकीसाठी एकच दिवा: पावसाळ्यात टिकणारं आणि फोन न मागणारं मायक्रोकंट्रोलरचं काम

ओहमकार (धागाकर्ता)

मायक्रोकंट्रोलर स्वस्त झाल्यापासून घरात काय काय मोजता येईल याची यादी संपत नाही. टाकी, विहीर, कपाटातली दमट हवा, तुळशीची माती, गॅस सिलिंडरचं वजन. यातली प्रत्येक गोष्ट एका रविवारात ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंगशिवाय जोडणी करायच्या पाटीवर) चालू होते. मग जून येतो. जंपर वायरींची टोकं हिरवी पडतात, ब्रेडबोर्डाच्या पट्ट्या काळवंडतात, रिलेत मुंग्या घर करतात. बनवलेलं प्रत्येक उपकरण पुढे सांभाळावंही लागतं, आणि गोव्यात हा हिशेब पाऊस दर वर्षी चुकता करून घेतो.

ठरवून जगणं, मोजकं ठेवणं यावर गप्पा पुष्कळ होतात. सोल्डरिंगच्या टेबलावर त्याचा अर्थ काय, ते एका कामातून बघू. काम जुनंच आहे: विहिरीवरचा पंप आणि छपरावरची टाकी. हात घालण्याआधी तीन प्रश्न कागदावर लिहावेत. हे उपकरण रोजची कोणती खेप वाचवणार? ते बंद पडलं तर घर कसं चालणार? बनवणारा घरी नसेल तेव्हा दुसऱ्याला कळणार का?

चिप एटीटायनी८५. आठ पाय, ८ केबी फ्लॅश. वीज, ग्राउंड आणि रीसेट सोडले की वापरायला पाच पिना उरतात. दोन फ्लोट, एक बटण, एक रिले, एक दिवा. पाच झाल्या. सहावी इच्छा झाली की चिपच नाही म्हणते. रीसेटची पिन फ्यूज (चिपमधली मूळ सेटिंग) बदलून मोकळी करता येते, पण मग नेहमीच्या प्रोग्रामरने ती चिप पुन्हा उघडत नाही, १२ व्होल्टचा हाय व्होल्टेज प्रोग्रामर लागतो. त्या वाटेला जाऊ नका.

मांडणी अशी:

टाकीत दोन उभे चुंबकी फ्लोट स्विच, आत रीड (चुंबक जवळ आला की जुळणारी संपर्कपट्टी) असलेले. एक साधारण २० टक्क्यांवर, दुसरा ९० टक्क्यांवर. दोन्ही असे लावा की पाणी खाली असताना संपर्क जुळलेला राहील. उलट निघाला तर दांडीच्या टोकाची क्लिप काढून फ्लोट उलटा बसवा, झालं. यामागचं कारण महत्त्वाचं आहे. माकडाने केबल ओढून तोडली किंवा जोड गंजला, तर चिपला ‘पाणी आहे’ असं वाटतं आणि पंप सुरू होत नाही. नळ कोरडा पडतो, घरात आरडाओरडा होतो, कोणीतरी वर जाऊन बघतं. उलट जोडणीत तीच तुटलेली तार रात्रभर छपरावरून पाणी सांडत ठेवते.

केबलमधून १२ व्होल्टचा फेरा फिरवा, चिपचे ५ व्होल्ट वर नेऊ नका. प्रत्येक फ्लोटच्या फेऱ्यात २.२ किलोओहम आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशाने संकेत पोचवणारा भाग), म्हणजे सुमारे ५ मिलिअँपिअर. ऑप्टोच्या एलईडीला उलट्या दिशेने एक १एन४१४८ डायोड जोडा. मे अखेरीच्या आणि ऑक्टोबरच्या विजा लांब तारेत जो झटका उमटवतात, त्यात ऑप्टो गेला तरी चिप वाचण्याची शक्यता वाढते. ऑप्टोला सॉकेट लावा, बदलायला अर्धं मिनिट पुरतं. वीज थेट घरावर पडली तर मात्र यातलं काही उरत नाही.

विहिरीत तिसरा फ्लोट, पण त्याला पिन लागत नाही. तो वरच्या फ्लोटच्या फेऱ्यातच एकामागे एक जोडा, पाणी असताना जुळलेला. विहिरीचं पाणी खाली गेलं की फेरा तुटतो, चिपला टाकी भरल्यासारखी वाटते, पंप थांबतो. २३० व्होल्टवर चालणारा फ्लोट पिण्याच्या पाण्यात उतरवण्यापेक्षा हे बरं.

पुरवठा म्हणजे १२ व्होल्ट १ अँपिअरचा गोल पिनेचा अडॅप्टर आणि आत ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर). अडॅप्टर मुद्दाम तसला निवडलाय. सगळ्यात आधी तोच मरतो, आणि वायफायच्या राउटरचा अडॅप्टर बहुधा त्याच जातीचा असतो. रात्री दहाला पर्याय घरातच सापडतो. व्होल्ट आणि ध्रुव मात्र लेबलवर वाचूनच लावा.

रिले १२ व्होल्टचा, बीसी५४७ ट्रान्झिस्टरवर, बेसला १ किलोओहम, कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा.

सोल्डरताई

मांडणी पटली. रिलेवर दोन शब्द, कारण निम्मे पंप-प्रकल्प तिथेच मरतात. निळ्या रिलेवर १० अँपिअर छापलेलं असतं. १ एचपीचा सिंगल फेज पंप चालताना ६-७ अँपिअर घेतो, म्हणून लोक तो थेट जोडतात. पण सुरू होताना तो पाच-सहा पट खेचतो. दोन-तीन आठवडे चालतं, मग संपर्क चिकटतात आणि पंप थांबतच नाही. प्रोग्राममध्ये कितीही शहाणपण भरलं असलं तरी चिकटलेला रिले ऐकत नाही.

निळ्या रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट रिलेची) कॉइल चालवायची. कॉन्टॅक्टर एसी-३ (मोटर चालू-बंद करायच्या) वर्गाचा, किमान १२ अँपिअर, कॉइल २३० व्होल्टची. कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड मालिकेत जोडून लावा, कपॅसिटर एक्स२ (थेट २३० व्होल्टवर लावायच्या) जातीचाच हवा. हे नसेल तर कॉन्टॅक्टर सुटतानाच्या ठिणगीने चिप रीसेट होते. माणूस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो, चूक तारेत असते.

ब्राउनआउट (व्होल्ट पडले की चिप थांबवणारी सोय) ४.३ व्होल्टवर ठेवा, वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) चालू ठेवा. वीज परत आल्यावर ३ मिनिटं पंप सुरू करू नका. त्या वेळी वाड्यावरचे सगळे पंप आणि फ्रिज एकदम उठतात, विजेचा दाब खाली असतो.

२३० व्होल्टचं काम परवानाधारक वायरमनकडूनच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग नसेल तर आधी ते करा, चिप नंतर.

अंत्रुजकर

एवढ्यासाठी चिप कशाला? बाजारात फ्लोट आणि कॉन्टॅक्टरची तयार जोडणी मिळते, तीत प्रोग्राम नाही की फ्यूज नाहीत. ‘मोजकं’ म्हणायचं तर तेच मोजकं.

ओहमकार

@अंत्रुजकर, प्रश्न रास्त आहे. दोन फ्लोट आणि कॉन्टॅक्टरच्या होल्डिंग संपर्कावर (कॉन्टॅक्टरला स्वतःच धरून ठेवणाऱ्या संपर्कावर) हे काम चालतं, चालवावंही. चिप तीन गोष्टींसाठी आहे: पंप जास्तीत जास्त किती वेळ चालावा, विहीर आटल्यावर पुन्हा किती वेळाने प्रयत्न करावा, आणि वीज आल्यावर किती थांबावं. साध्या जोडणीत या तिन्हीसाठी वेगवेगळे टायमर रिले लागतात. यातलं काहीच नको असेल तर तुमचंच बरोबर.

जास्तीत जास्त वेळ असा काढायचा. १००० लिटरची टाकी, २० ते ९० टक्के म्हणजे ७०० लिटर. पंप वर मिनिटाला ३० लिटर देत असेल तर साधारण २३ मिनिटं. त्यात पाव भाग वाढवून ३० धरा. तेवढ्यात वरचा फ्लोट सुटला नाही तर काहीतरी बिघडलंय: पाइप फुटला, फूट व्हॉल्व्ह (शोषण-पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह) गळतो, फ्लोट अडकला. पंप बंद, कुलूप. बटण ३ सेकंद दाबून धरल्याशिवाय उघडायचं नाही. नुसत्या स्पर्शाने उघडणारं कुलूप पोरं सहज उघडतात.

सुरू होण्यासाठी दोन्ही फ्लोट जुळलेले हवेत, तेही सलग ५ सेकंद. भरताना पाणी हिंदकळतं आणि फ्लोट नाचतो. पंप एकदा थांबला की किमान ३० मिनिटं विश्रांती. एप्रिल-मेमध्ये विहीर थोडी भरते, पंप तेवढंच खेचतो, थांबतो, परत भरते. विश्रांती नसेल तर मोटर दिवसभर सुटत-थांबत राहते आणि वाइंडिंग तापतं.

सोल्डरताई

इथे एक सापळा आहे, आधीच सांगून ठेवते. नवी एटीटायनी८५ आठाने भागलेल्या घड्याळावर येते, म्हणजे ८ ऐवजी १ मेगाहर्ट्झ. प्रोग्राम ८ मेगाहर्ट्झ समजून लिहिला आणि फ्यूज तसेच राहिले, तर तुमची ३० मिनिटं ४ तासांची होतात. सुरक्षेचा टायमर आहे असं वाटतं आणि तो असून नसल्यासारखा. आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या मेनूत घड्याळ निवडल्यावर ‘बर्न बूटलोडर’ एकदा चालवायचंच, फ्यूज तेव्हा बदलतात. मग दिवा दर १० सेकंदांनी लुकलुकवा आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहा.

आर्डुइनो उनो बोर्डाला प्रोग्रामर म्हणून वापरताना उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर तो स्वतःच रीसेट होत राहतो.

आतला ऑसिलेटर कारखान्यातून १० टक्क्यांपर्यंत मागेपुढे असू शकतो. अर्ध्या तासात तीन मिनिटं. इथे चालतं, क्रिस्टल लावून दोन पिना घालवू नका.

चिरेबंदी

दिव्याचं काय ठरलं? सगळं ठीक असताना दिवा विझलेला असावा असं माझं मत. स्वयंपाकघरात सतत जळणारा निळा एलईडी म्हणजे डोळ्यांना छळ.

सोल्डरताई

विझलेला दिवा आणि मेलेला अडॅप्टर यांत फरक कसा करणार?

ओहमकार

दोघांचंही खरं. म्हणून दर १० सेकंदांनी एक बारीक लुकलुक, पाव सेकंदाची: जिवंत आहे, काही करायचं नाही. सतत पेटलेला: भरतंय. भराभर लुकलुक: कुलूप लागलंय, जाऊन बघा. चौथा संकेत नाही. तो घातला की भिंतीवर तक्ता चिकटवावा लागतो, आणि तो तक्ता वाचायला कोणी जात नाही.

दिवा लाल, आणि रेझिस्टर ३३० नाही, २.२ किलोओहम. साधारण १.४ मिलिअँपिअर जातात. दिवसा दिसतो, रात्री टोचत नाही.

अंत्रुजकर

आता ‘बंद पडलं तर घर कसं चालणार’ याचं उत्तर द्या. घरात सत्तरीतली माणसं असतील तर त्यांनी पाण्यासाठी चिपची वाट बघायची?

ओहमकार

पेटीच्या दारावर तीन घरांचा सिलेक्टर स्विच: ऑटो, बंद, हाताने. ‘हाताने’ वर कॉन्टॅक्टरची कॉइल थेट २३० व्होल्टला लागते, चिप आणि निळा रिले पूर्ण बाजूला. मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. झाकणाच्या आतल्या बाजूला जोडणीचं चित्र पेन्सिलीने काढून लॅमिनेट करून चिकटवा. जेल पेनाची शाई दोन पावसाळ्यांत पसरते. कोणत्याही वायरमनला ते चित्र पाहून पेटी काढून टाकता आली पाहिजे आणि पंप जुन्या स्विचवर घेता आला पाहिजे. कोणी पेटी काढली तर राग मानू नये.

एक लक्षात ठेवा. सबमर्सिबलच्या पॅनलला हिरवं स्टार्ट बटण असेल तर त्याला नुसती वीज देऊन पंप उठत नाही. अशा पॅनलमध्ये कॉन्टॅक्टर कुठे बसवायचा हे वायरमनबरोबर उभं राहून ठरवा.

कुळागरी

अल्ट्रासोनिक (आवाजाने अंतर मोजणारा) सेन्सर का नको? टाकीत किती लिटर आहे ते कळलं असतं.

सोल्डरताई

एचसी-एसआर०४ उघड्या डोळ्यांचा आहे. सिंटेक्सच्या बंद टाकीत झाकणाखाली कायम दव असतं. थेंब डोळ्यावर बसला की वाचन उड्या मारतं, दोन महिन्यांत आतली जाळी गंजते. जेएसएन-एसआर०४टी पाण्याला पुरून उरतो, पण जवळचे २० ते २५ सेंमी त्याला दिसत नाहीत, म्हणजे टाकी भरत आली की नेमका तिथेच आंधळा. ए०२वायवाययूडब्ल्यू ३ सेंमीपासून दिसतो, घ्यायचाच तर तो. ईएसपी३२ ला (वायफाय असलेल्या ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरला) जोडताना एचसी-एसआर०४ ची ५ व्होल्टची इको पिन १ आणि २ किलोओहमच्या विभाजकातून न्या. आणि ३० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ३४९ मीटरच्या आसपास असतो, प्रोग्राममध्ये ३४० ठेवून दीड मीटरवर ४ सेंमी का चुकतंय म्हणून डोकं धरू नये.

पण मुळात किती लिटर हे कळून तुम्ही काय वेगळं करणार? पंप आपोआप सुटतो, आपोआप थांबतो. आकडा बघून हात हलणार नसेल तर तो सेन्सर नुसताच सांभाळायचा.

चिरेबंदी

इथे असहमत. आकडा पाहून आज हात हलत नाही, पण विहिरीची पातळी पाच वर्षं लिहून ठेवली तर विहीर खोल करावी का, नवी बोअर कोणी मारल्यावर फरक पडला का, हे कळतं. असं मोजणंही ठरवूनच केलेलं आहे. ईएसपी३२ लावून ग्राफ ठेवला तर बिघडलं काय?

ओहमकार

लिहून ठेवण्याला विरोध नाही, रोज उघडून बघाव्या लागणाऱ्या ग्राफला आहे. शिवाय दीड फुटी चिऱ्यांच्या भिंतीतून विहिरीपर्यंत वायफाय नेणं हा वेगळाच प्रकल्प. बॅटरीवर चालवायचा म्हटलं तर चिपच्या माहितीपत्रात गाढ झोपेचे १० मायक्रोअँपिअर लिहिलेले असतात, पण नेहमीचा डेव्हलपमेंट बोर्ड त्याच्या रेग्युलेटर, यूएसबी चिप आणि पॉवर एलईडीसकट कित्येक मिलिअँपिअर खातो. १० धरले तर २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम दहा दिवस.

त्यापेक्षा डीएस३२३१ चं घड्याळाचं मॉड्यूल घ्या. वर्षाला एखादं मिनिट चुकतं, एवढंच. बहुतेक मॉड्यूलांवर २४सी३२ मेमरी असतेच, ४०९६ बाइट. दिवसाला एक वाचन, दोन बाइट: २०४८ दिवस, म्हणजे साडेपाच वर्षं. दसऱ्याला वर्षातून एकदा लॅपटॉप लावून उतरवून घ्या. पातळीसाठी ४-२० मिलिअँपिअरचा बुडवायचा प्रेशर सेन्सर, १५० ओहमवर वाचला की ०.६ ते ३ व्होल्ट मिळतात. त्याच्या केबलमध्ये हवेची बारीक नळी असते, तिचं टोक कोरड्या पेटीत सिलिका जेलजवळ ठेवा. पावसाळी दमट हवेने नळीत पाणी साठलं की वाचन हळूहळू सरकतं आणि विहीर भरतेय असा भास होतो.

सोल्डरताई

त्या मॉड्यूलवर पुन्हा चार्ज होणारी बॅटरी गृहीत धरून चार्जिंगची जोडणी केलेली असते. साधी सीआर२०३२ लावलीत तर ती चार्ज होऊ बघते, फुगते. बॅटरीजवळचा २०१ छापलेला रेझिस्टर किंवा त्याच्या शेजारचा डायोड काढून टाका, मगच सीआर२०३२ लावा.

आणि चिरेबंदी, दोरी, वजन आणि कॅलेंडर यांनीही हे काम होतं. दर रविवारी काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर. वर्षाला ५२ आकडे या कामाला पुरेसे आहेत, आणि विहिरीत कचरा पडलाय का तेही दिसतं.

कुळागरी

कुळागरात (सुपारीच्या बागेत) पोफळींच्या मुळाशी मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर लावायचे म्हणतोय. कपॅसिटिव्ह जातीचे गंजत नाहीत असं वाचलं.

सोल्डरताई

पृष्ठभाग गंजत नाही, कडा भिजतात. पट्टी कापलेली असते त्या कडेवर लेप नसतो, तिथून पाणी आत शिरतं आणि वाचन महिनाभरात घसरतं. तिन्ही कडांना नेलपॉलिशचे तीन हात किंवा पातळ एपॉक्सी, आणि वरच्या चिपच्या भागाला उष्णतेने आक्रसणारी नळी. आणखी एक: त्यावर टीएलसी५५५ असेल तर ३.३ व्होल्टवर नीट चालतो. स्वस्त बनावटीत एनई५५५ असतो, त्याला ४.५ व्होल्टच्या वर लागतात. तो ३.३ वर लावला तर आकडे काहीतरी येतात आणि तेच खरे वाटतात. चिपवरचं नाव भिंगाने वाचा.

पण पाट फिरवायला माणूस रोज जातोच ना? मग सेन्सर काय वाचवणार?

चिरेबंदी

पेटी कशात बसवायची? आमच्याकडे समुद्र दोन किलोमीटरवर.

ओहमकार

आयपी६५ लिहिलेली प्लास्टिकची पेटी घ्या, पण त्या आकड्यावर निर्धास्त राहू नका. उन्हात पेटीतली हवा तापते, अचानक सर आली की गार होऊन आकसते, आणि सीलच्या फटीतून पाण्यासकट हवा आत ओढली जाते. घट्ट पेटीत एकदा शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. म्हणून तळाला ३ मिमीचं एक भोक पाडा आणि आतून बारीक स्टीलची जाळी लावा. जाळी मुंग्यांसाठी आणि पालींच्या अंड्यांसाठी. सगळ्या केबली खालूनच आत घ्या, आणि आत शिरण्याआधी प्रत्येकीला खाली एक झोल द्या, म्हणजे थेंब तिथून गळतो.

बोर्ड शिसे-कथिलाच्या ६३/३७ सोल्डरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून फ्लक्स पूर्ण काढा. राहिलेला फ्लक्स पावसाळ्यात ओल धरतो आणि दोन पिनांमध्ये किंचित वहन सुरू होतं. बोर्ड एक दिवस कोरड्या खोलीत, मग अ‍ॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचे (ओलीपासून वाचवणाऱ्या लेपाचे) दोन हात. स्क्रू टर्मिनल, सॉकेट आणि बटणावर आधी मास्किंग टेप. हे काम एप्रिलमध्ये उरका. जुलैत फवारलं तर लेपाखाली ओलच कोंडली जाते.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्या.

केबल शुद्ध तांब्याची. स्वस्त नेटवर्क केबलीत अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. कापलेलं टोक चाकूने खरवडलं की पांढरी धातू दिसते. खाऱ्या वाऱ्यात ती टर्मिनलपाशी पूड होऊन तुटते.

दीडदिवस

अवांतर: चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) देखाव्याला डब्ल्यूएस२८१२ ची (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणारी) पट्टी लावायची आहे, ५ मीटर, मीटरला ६० दिवे. ईएसपी३२ आहे. पहिले काही दिवे नीट, पुढे रंग लालसर होत जातो.

सोल्डरताई

३०० दिवे, प्रत्येकी पूर्ण पांढऱ्याला ६० मिलिअँपिअर, म्हणजे १८ अँपिअर. पट्टीच्या बारीक तांब्यातून एवढं जात नाही, शेवटी व्होल्ट पडतात. निळा सगळ्यात आधी मावळतो, म्हणून लालसर दिसतं. वीज दोन्ही टोकांना आणि मधे एकदा द्या, प्रोग्राममध्ये तेज पावावर आणा, ५ व्होल्ट १० अँपिअरचा पुरवठा पुरतो. सुरुवातीला १००० मायक्रोफॅरड, डेटा तारेत ३३० ओहम. ईएसपी३२ चे ३.३ व्होल्ट काठावर पडतात, कारण या दिव्यांना पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ लागतात. मधे ७४एएचसीटी१२५ (३.३ चा संकेत ५ व्होल्टवर नेणारी चिप) टाका.

माटोळीच्या (मूर्तीवर टांगलेल्या फळापानांच्या छताच्या) वर किंवा आसपास २३० व्होल्ट नेऊ नका. फळं, पानं, शिपटं सगळं ओलं असतं. पुरवठा लांब, खाली, आणि वर फक्त ५ व्होल्ट. आणि पाव तेजातही पट्टी समईला गिळते. मूर्तीच्या मागच्या पडद्यापलीकडे लावा, समोर नको.

दीडदिवस

धन्यवाद. पट्टी पडद्यामागेच घेतो.

चिरेबंदी

कपाटातल्या बुरशीसाठी आर्द्रता मोजायची आहे. डीएचटी११ चालेल?

अंत्रुजकर

जुलैत कपाटात दमट आहे हे कळायला सेन्सर लागतो?

चिरेबंदी

कळायला नाही. दार किती वेळ उघडं ठेवल्याने फरक पडतो, आतला बारीक दिवा पुरतो का, हे पडताळायला. महिनाभर मोजून काढून टाकणार.

ओहमकार

मग जरूर मोजा, आणि काढून टाकायची तारीख पेटीवर आजच लिहा. डीएचटी११ नको, त्याची अचूकता ५ टक्क्यांची आणि तीही साधारण ८० टक्के आर्द्रतेपर्यंतच. आपला प्रश्न सुरू होतो ८० च्या वर. एसएचटी३१ घ्या, २ टक्क्यांत बसतो.

पडताळणी घरी होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढेच पाण्याचे थेंब टाका, झाकण आणि सेन्सर एका घट्ट डब्यात १२ तास बंद. २५ अंशांना डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर थांबते. सेन्सर ७९ दाखवत असेल तर ४ वजा करायचे. मीठ पाण्यात पूर्ण विरघळवलं तर हा खेळ फसतो, न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे. सेन्सरला मीठ लागू देऊ नका. आणि इथे आगरवाड्याचं जाडं मीठ वापरू नका. जेवणात ते उत्तम, पण मिठागरातल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं. ते स्वतः ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं, त्यामुळे डबा ७५ च्या खाली थांबतो आणि चांगला सेन्सर उगाच चुकीचा ठरतो. शुद्ध केलेलं बारीक मीठच घ्या.

कुळागरी

टाकीच्या फ्लोटवर तांबूस चिकट थर बसतो. त्याचं काय?

सोल्डरताई

चिऱ्याच्या थरातलं पाणी, लोह असणारच. दांडीवर गाळ बसला की फ्लोट अडकतो. वरचा फ्लोट वर अडकला तर पंप सुरू होत नाही, खाली अडकला तर टायमर पंप थांबवतो. दोन्हीकडे घर वाचतं, पण दांडी पुसणं टळत नाही. वर्षातून दोनदा टाकी धुता तेव्हा फ्लोट काढून दांडी लिंबाच्या फोडीने चोळा. मेच्या शेवटी आणि चवथीनंतर. त्याच दिवशी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा आणि पेटीतलं सिलिका जेल बघा, निळं गुलाबी झालं असेल तर ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये तासभर.

दीडदिवस

परत आलो. पंपाचं काम चवथीनंतर धरणार. टाकी ७५० लिटरची. आज मोजलं: टाकीच्या तोंडाशी २० लिटरची बादली बरोबर ६० सेकंदांत भरली. म्हणजे ७० टक्क्यांचे ५२५ लिटर, २६ मिनिटं, पाव भाग धरून ३३. बरोबर?

ओहमकार

गणित बरोबर, महिना चुकीचा. आज विहीर काठोकाठ आहे. मेमध्ये पाणी कित्येक मीटर खाली जाईल, पंपाला तेवढं जास्त उचलावं लागेल, शिवाय त्या दिवसांत विजेचा दाबही कमी असतो. तीच बादली ८०-८५ सेकंद घेईल आणि ३३ मिनिटांचं कुलूप ऐन उन्हाळ्यात रोज लागेल. आत्ता ४५ ठेवा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात बादली परत लावा आणि तो आकडा कायम करा. झाकणाच्या आतल्या चित्राखाली दोन्ही वेळा तारखेसकट लिहून ठेवा, पेन्सिलीने.